पावसाचा अंदाज आणि शिकणारें यंत्र

मे महिना सरत आला आणि रोहिणी नक्षत्र लागलें, कीं महाराष्ट्रांत घरोघर एकच प्रश्न निघूं लागतो : यंदा पाऊस केव्हां येणार? शहरांतील गृहिणीला गच्चीवरचें वाळवण आवरावयाचें असतें. कोणाला गळकें छप्पर दुरुस्त करून घ्यावयाचें असतें, तर कोणाला मुलांच्या शाळेआधीं मोडक्या छत्र्यांना काड्या बसवून आणावयाच्या असतात. शहरांत हा प्रश्न सोयीचा आहे. खेड्यांत तो पोटाचा आहे. मृगाच्या दोन चांगल्या सरी आल्या म्हणून शेतकऱ्यानें सोयाबीन किंवा कापूस पेरावा, आणि मग पंधरा-वीस दिवस पावसानें डोळे वटारावेत, असें झालें म्हणजे नुकतेच वर आलेले कोंब करपून जातात. बियाणें गेलें, खत गेलें, मजुरी गेली. पुन्हां उसनवारी करून दुसरें बियाणें आणावें लागतें. याला दुबार पेरणी म्हणतात, आणि कोरडवाहू मुलुखांतील कर्जाच्या कित्येक कथांचा आरंभ याच दोन शब्दांपासून होतो. पाऊस येणार कीं नाहीं यापेक्षां आलेला पाऊस टिकणार कीं नाहीं, हें आधीं कळणें त्या माणसाला अधिक मोलाचें असतें.

या प्रश्नाचें उत्तर लोकांनीं पूर्वीपासून नाना ठिकाणीं शोधलें आहे. पंचांगांत पावसाच्या नक्षत्रांना बेडूक, म्हैस, हत्ती, कोल्हा अशीं वाहनें दिलेलीं असतात व त्यांवरून पाऊस भरपूर कीं बेताचा, हें सांगितलें जातें. कावळ्यानें घरटें झाडावर किती उंच बांधलें, हेंही जाणतीं माणसें पाहून ठेवीत. या गोष्टींना नुसतें हसून सोडण्याचें कारण नाहीं. पुष्कळ वर्षें पाहिलेल्या गोष्टींवरून पुढची गोष्ट ताडण्याचा तोही एक प्रयत्नच होता. मात्र त्यांत एक मोठें वैगुण्य राहिलें : चुकलेल्या अंदाजांची नोंद कोणी ठेविली नाहीं, आणि ज्या विद्येंत चुकीचा हिशेब नाहीं ती विद्या वाढत नाहीं.

२०२५ सालीं याच जुन्या प्रश्नाचें उत्तर एका निराळ्या वाटेनें लोकांच्या हातीं पडलें. केंद्रीय कृषिमंत्रालयानें तेरा राज्यांतील ३ कोटि ८० लक्षांहून अधिक शेतकऱ्यांना मोबाइलवर संदेश धाडले. आपल्या भागांत मोसमी पाऊस केव्हां स्थिरावण्याचा संभव आहे, हें त्यांत कांहीं ठिकाणीं चार आठवडे आधीं सांगितलें होतें. संदेश हिंदी, मराठी, बंगाली, ओडिया व पंजाबी या भाषांत होते. ते ज्या गणितांतून निघाले, त्यांतील पुष्कळसें गणित माणसानें मांडलेलें नव्हतें. यंत्रानें तें जुन्या नोंदी चाळून स्वतःच बसविलें होतें.

हल्लीं कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणून ज्या विद्येचा गौरव होतो, तिचा गाभा म्हणजे हें यंत्रशिक्षण होय. एका भाषेंतून दुसऱ्या भाषेंत भाषांतर करणें, बँकेच्या व्यवहारांतील लबाडी हेरणें, क्ष-किरणांच्या चित्रांतील संशयास्पद डाग दाखवून देणें, हीं सारीं कामें आतां याच रीतीनें होऊं लागलीं आहेत. पण ती रीत नीट समजून घ्यावयाची तर पावसासारखें दुसरें उदाहरण मिळणें कठीण. कारण यंत्र काय बोललें आणि आभाळानें काय केलें, याचा निवाडा चार दिवसांत सर्वांच्या डोळ्यांदेखत होतो.

जुन्या नोंदींवरून पुढचें सांगण्याची शास्त्रीय खटपट हिंदुस्थानांत दीडशें वर्षांची आहे. हवामानखातें १८७५ सालीं निघालें. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांना असें आढळून आलें होतें कीं, हिमालयावर बर्फ फार पडला तर पुढचा पावसाळा हात आखडता घेतो. त्या खुणेवरून १८८६ पासून नियमित अंदाज प्रसिद्ध होऊं लागले. त्यांच्यामागून आलेल्या जॉन ईलियट यांनीं आणखी कांहीं खुणा तींत मिळविल्या. १८९९ सालीं त्यांनीं चांगल्या पावसाचा अंदाज दिला. आणि पडला तो विक्रम संवत् १९५६ चा भयंकर दुष्काळ, ज्याची आठवण गुजराथ-राजपुतान्यांत 'छप्पनिया' या नांवानें पुढें पिढ्यान्‌पिढ्या राहिली.

ईलियट यांच्या जागीं १९०४ सालीं गिल्बर्ट वॉकर आले. वॉकर हे केंब्रिजचे सीनिअर रँग्लर. तोच मान त्यांच्यानंतर दहा वर्षांनीं, १८९९ सालीं, रघुनाथराव परांजपे यांना मिळाल्यामुळें महाराष्ट्राला तो शब्द घरचा वाटतो. हवामानशास्त्र त्यांचा विषय नव्हता. ते गणिती होते, आणि बूमरँग फेंकण्याचा त्यांना विलक्षण नाद होता. पाऊस कां पडतो व कां पडत नाहीं, याचीं कारणें शास्त्राला समजलेलीं नाहींत, तर तूर्त आंकडे काय सांगतात तेंच पाहावें, असें त्यांनीं ठरविलें. जगभरच्या वेधशाळांतून हवेचा दाब, तपमान व पाऊस यांचे आंकडे मागवून त्यांनीं कारकुनांची पलटण कामाला लाविली. कोणता आंकडा कोणत्या आंकड्याबरोबर वर-खालीं होतो, याचीं कोष्टकें वर्षानुवर्षें तयार होत राहिलीं. त्यांतून वॉकर यांना असें दिसलें कीं, पॅसिफिक महासागरावरील आणि हिंदी महासागरावरील हवेचे दाब तराजूच्या दोन पारड्यांप्रमाणें हलतात. एक चढलें कीं दुसरें उतरतें. या हालचालीला त्यांनीं दक्षिणी आंदोलन असें नांव दिलें. एल निनो या नांवाचा जो शब्द आतां दर उन्हाळ्यांत वर्तमानपत्रांत वाचावयास मिळतो, त्याचा आणि या आंदोलनाचा संबंध वॉकर यांच्या मृत्यूनंतर, १९६० च्या दशकांत, शास्त्रज्ञांनीं उलगडला.

वॉकर यांचें तें कार्यालय, आजच्या भाषेंत बोलावयाचें तर, माणसांचें बनलेलें एक शिकणारें यंत्रच होतें. वॉकर निवृत्त झाल्यावर १९२८ सालीं खात्याचें मुख्य ठाणें शिमल्याहून पुण्यास आलें, आणि त्या इमारतीला व पुढें तिच्यासमोरच्या चौकाला पुणेकरांनीं 'शिमला ऑफिस' हेंच नांव देऊन टाकलें.

याच सुमारास युरोपांत एक अगदीं उलट वाट काढली जात होती. हवा हा वायु आहे. त्याला गति, उष्णता व दाब यांचे नियम लागू आहेत. मग आजची स्थिति मोजून त्या नियमांनीं उद्यांची स्थिति कां काढूं नये? लुई फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञानें पहिल्या महायुद्धांत रुग्णवाहिका-पथकांत काम करीत असतां हा हिशेब हातानें करून पाहिला. सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबार चढेल, असें उत्तर आलें. प्रत्यक्षांत तो जवळजवळ स्थिर होता. रिचर्डसन खचला नाहीं. १९२२ सालीं त्यानें आपली ही फसगत ग्रंथरूपानें छापून तर काढलीच, शिवाय ६४,००० गणक एका विशाल नाट्यगृहांत बसवून वाऱ्याच्या वेगानें आंकडेमोड करवावी, असें स्वप्नही त्यांत लिहून ठेविलें. पुढें १९५० सालीं अमेरिकेंतील एनिॲक या संगणकावर चोवीस तासांचा अंदाज काढण्यांत आला. त्यास जवळजवळ चोवीस तासच लागले. तेव्हांपासून परवांपरवांपर्यंत जगांतील सर्व मोठ्या वेधशाळा याच नियमांच्या वाटेनें चालत आल्या. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेंतील 'अर्क' हा महासंगणक आणि २०२५ च्या मे महिन्यांत सुरू झालेली, सहा-सहा किलोमीटरांच्या चौकोनांत देश पाहणारी 'भारत फोरकास्ट सिस्टिम' हीं याच घराण्यांतील होत.

नवें यंत्र पुन्हां वॉकर यांच्या वाटेकडे वळलें आहे. फरक आहे तो वहीच्या जाडीचा. युरोपांतील मध्यम मुदतीच्या अंदाजांच्या केंद्रानें जगांतील जहाजें, विमानें, फुगे, भूमीवरील वेधशाळा व उपग्रह यांच्या नोंदी एकत्र करून, मधल्या गाळलेल्या जागा भौतिक नियमांनीं भरून, १९४० पासूनच्या हवेची तासातासाची एक अवाढव्य रोजनिशी तयार केली आहे. गूगलच्या डीपमाइंड शाखेंतील शास्त्रज्ञांनीं या रोजनिशींतील १९७९ ते २०१७ हीं ३९ वर्षें एका यंत्राला शिकविलीं. तें 'ग्राफकास्ट' या नांवानें २०२३ सालीं प्रसिद्ध झालें. त्यानें पृथ्वीवर दहा लक्षांहून अधिक बिंदूंचें जाळें कल्पिलें आहे. विषुववृत्तावर एक बिंदु दुसऱ्यापासून सुमारें २८ किलोमीटर. प्रत्येक बिंदूवर जमिनीलगतची हवा आणि वरचे ३७ थर धरून २२७ आंकडे. यंत्राला आतांची आणि सहा तासांपूर्वींची अशा दोन स्थिति द्यावयाच्या, आणि सहा तासांनंतरची स्थिति त्यानें सांगावयाची, एवढाच काय तो खेळ.

तें शिकतें कसें? जुन्या रेडिओची खुंटी फिरवून खरखर कमी होईपर्यंत स्थानक शोधावें, तसेंच हें काम आहे. खुंट्या मात्र एक-दोन नव्हेत, तर ३ कोटि ६७ लक्ष आहेत. आरंभीं त्या सर्व वेड्यावाकड्या लावलेल्या असतात, त्यामुळें यंत्राचें पहिलें उत्तर निव्वळ बरळणें असतें. तें उत्तर रोजनिशींतील खऱ्या आंकड्यांशीं ताडून पाहतात. किती चुकलें तें मोजतात. आणि कोणती खुंटी कोणत्या बाजूला केसभर वळविली असतां ती चूक थोडी घटेल, याचा हिशेब करून प्रत्येक खुंटी तेवढीच वळवितात. मग दुसरा दिवस, दुसरें वर्ष, पुन्हां तेंच. असें लक्षावधि वेळां झाल्यावर खरखर मिटते. वारा उष्णतेमुळें वाहतो, वाफ थंड झाली कीं पाऊस होतो, हें यंत्राला कोणी सांगितलेलें नसतें; तरी तें जणूं माहीत असल्याप्रमाणें वागूं लागतें. पंचांगाला जें साधलें नाहीं तें येथें साधलें आहे : चुकीचा हिशेब हेंच येथें सारें शिक्षण.

शिकण्यास चार आठवडे लागले. शिकल्यावर मात्र दहा दिवसांचा अंदाज एकाच लहानशा यंत्रावर एका मिनिटाच्या आंत निघूं लागला. नियमांच्या वाटेनें जाणाऱ्या युरोपीय केंद्राच्या अंदाजाशीं १३८० कसोट्यांवर तुलना केली तेव्हां सुमारें नव्वद टक्के कसोट्यांत हा नवशिका सरस ठरला. त्या केंद्रानेंही वेळ दवडला नाहीं. २५ फेब्रुवारी २०२५ पासून त्यानें स्वतःचें शिकणारें यंत्र जुन्या यंत्राशेजारीं रोजच्या कामाला लावलें. येथें एक गोष्ट उत्साहाच्या भरांत विसरली जाते. शिष्यानें ज्या रोजनिशीवरून धडे घेतले ती गुरूनेंच, म्हणजे नियमांच्या गणितानेंच, लिहिलेली होती. आणि आजची हवा कशी आहे हें आरंभीं सांगावें लागतें तेंही अद्याप गुरूच सांगतो. तेव्हां जुनें गणित मोडीत निघालें, ही भाषा घाईची आहे. शेतकऱ्यांच्या संदेशांमागेंही असाच संसार होता : युरोपीय केंद्राचें निव्वळ शिकलेलें यंत्र, गूगलचें 'न्यूरलजीसीएम' हें अर्धें नियमांवर व अर्धें शिकण्यावर चालणारें यंत्र, आणि या दोहोंबरोबर हिंदुस्थानच्या हवामानखात्याच्या १२५ वर्षांच्या पावसाच्या नोंदी.

नोंदींवर उभारलेल्या विद्येचें मर्मस्थान कोठें असतें, तें वॉकर यांच्या वारसांनीं अनुभवलें आहे. १९८८ पासून डॉ. वसंत गोवारीकर व त्यांचे सहकारी यांनीं बसविलेली सोळा खुणांची पद्धत खात्यानें वापरावयास घेतली. पुढें चौदा पावसाळे पाऊस सरासरीच्या आसपास वा वर राहिला आणि पद्धतीचा लौकिक वाढला. २००२ सालींही तिनें सरासरीइतकाच पाऊस सांगितला; प्रत्यक्षांत देशाचा पाऊस १९ टक्क्यांनीं कमी पडला आणि ऐन पेरणीचा जुलै जवळजवळ निम्मा कोरडा गेला. पद्धत बदलावी लागली. त्याआधीं, १९९७ सालीं, उलटाच प्रकार घडला होता. त्या वर्षींचा एल निनो इतका प्रबळ होता कीं दुष्काळ ठरलेलाच मानावा. आणि पाऊस पडला सरासरीहून किंचित् अधिक. दोन आंकडे शंभर वर्षें हातांत हात घालून चालले, म्हणून ते पुढेंही चालतीलच असें नाहीं. समुद्र तापत आहेत, हवा बदलत आहे. आणि यंत्राची वही कितीही जाड झाली तरी ती झालेल्या गोष्टींचीच वही आहे.

दुसरी अडचण अतिवृष्टीची. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझच्या वेधशाळेनें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. त्याच दिवशीं कुलाब्याला पडला ७३. दोन वेधशाळांमधील अंतर पंचवीस किलोमीटरांच्या आंतलें. ज्या जाळ्याचें एकेक छिद्रच २८ किलोमीटरांचें, त्यांतून असा ढग सहज निसटून जाईल. त्यांतच शिकणाऱ्या यंत्राला एक खोड असते. चूक कमी करण्याचेंच वळण लावलेलें असल्यामुळें, जेथें खात्री नसते तेथें तें मधला आंकडा सांगून सुटूं पाहतें; वादळ येथें होईल कीं तेथें, हें ठरेना तर दोहोंकडे बेताचा वारा दाखवितें. नापास होण्याच्या भीतीनें प्रत्येक प्रश्नाला गुळमुळीत उत्तर देणारा विद्यार्थी शिक्षकांना परिचित आहेच. यावर तोड म्हणून आतां यंत्राकडून एकच भविष्य न मागतां पन्नास-पन्नास भविष्यें मागतात, आणि त्यांपैकीं किती भविष्यांत पाऊस आहे तें मोजून संभव सांगतात.

हा 'संभव' शब्द शहरी माणसाला पचत नाहीं. वेधशाळेनें पाऊस सांगितला म्हणजे छत्री खुशाल घरीं ठेवावी, हा विनोद पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्याच्या मुळाशीं अंदाज म्हणजे वचन अशी समजूत आहे. शेतकऱ्याची गोष्ट वेगळी. दहांत सात वेळां पाऊस टिकेल, या वाक्याचा अर्थ त्याला कोणी शिकवावा लागत नाहीं. कारण त्याचें सारें आयुष्य तसल्याच हिशेबांत गेलेलें असतें. सातांच्या भरंवशावर तो थोडें रान पेरतो, उरलेल्या तिनांसाठीं थोडें बियाणें राखून ठेवतो.

२०२५ च्या पावसाळ्यानें परीक्षाही कठीण घेतली. मोसमी वारे केरळांत २४ मे रोजींच पोंचले, आणि मुंबईंत २६ मे रोजीं, म्हणजे ११ जून या नेहमींच्या तारखेच्या सोळा दिवस आधीं. इतक्या लौकर पाऊस मुंबईंत आल्याची नोंद नव्हती. रानें भिजलीं, पेरणीला हात शिवशिवूं लागले. आणि मग वारे जागच्या जागीं थबकले. उत्तरेकडे त्यांची चाल सुमारें तीन आठवडे खुंटली. शिकलेल्या यंत्रांनीं हा खंड आधींच सांगितला होता. खंड लांबत असतां शेतकऱ्यांना दर आठवड्यास नवा संदेश जात होता. महाराष्ट्राच्या कृषिविभागानेंही आपल्या नेहमींच्या ठोकताळ्याप्रमाणें ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावांचून पेरणी करूं नका, असा घोशा लाविला होता. नंतर मध्य प्रदेश व बिहार येथें दूरध्वनीवरून विचारपूस केली, तेव्हां ३१ ते ५२ टक्के शेतकऱ्यांनीं संदेश पाहून मशागतीची वा पेरणीची वेळ बदलल्याचें सांगितलें. ज्यांनीं बदलली नाहीं त्यांतील पुष्कळांपाशीं बदलण्यास वावच नसेल. बैल वा ट्रॅक्टर भाड्याचा, तो ज्या दिवशीं मिळाला तोच पेरणीचा मुहूर्त.

याच वर्षीं सप्टेंबरांत मराठवाड्यांत अतिवृष्टि झाली आणि काढणीला आलेलें सोयाबीन पाण्यांत उभें राहून कुजलें. जूनमध्यें वाचविलेलें बियाणें कित्येकांनीं सप्टेंबरांत पीक म्हणून गमावलें. पेरणीचा संदेश पेरणीपुरताच असतो.

यंत्राच्या शिक्षणाचें सामान मात्र अजून त्याच जुन्या रीतीनें गोळा होतें. कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालची. तेथें आणि देशभरच्या पर्जन्यमापकांपाशीं रोज सकाळीं साडेआठ वाजतां गेल्या चोवीस तासांचा पाऊस मोजून लिहितात, आणि तोच आंकडा पुढें वहींत, तेथून संगणकांत व तेथून यंत्राच्या धड्यांत जातो. महाराष्ट्रांत 'महावेध' योजनेखालीं दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित केंद्रेंही बसविलीं आहेत. मापकावर शेजारचें झाड वाढून झुकलें, नरसाळ्यांत पाला अडकला, किंवा नोंद घेणारा एक दिवस चुकला व दोन दिवसांचें पाणी एकदम लिहिलें गेलें, तर यंत्र तेंही तितक्याच निष्ठेनें शिकतें. फळबागांच्या हवामानाधारित विम्याची भरपाई या केंद्रांच्याच आंकड्यांवर ठरत असल्यामुळें, आपल्या मंडळाचें केंद्र नेमकें कोणत्या गांवीं, कोणाच्या आवारांत आणि कोणत्या झाडाशेजारीं उभें आहे, यावर आतां चावडीवर कडाक्याचे वाद होऊं लागले आहेत.